छबूबाईच्या पडशीची पैज

छबूबाईला मोटारसायकल चालवता येत नाही. मागे बसायचं झालं तरी ती नवऱ्याच्या शर्टाची पाठ अशी मुठीत आवळते, की उतरल्यावर तो शर्ट पुन्हा इस्त्रीला द्यावा लागतो. पण देवळाली प्रवरापासून राहुरीपर्यंत ज्या मोटारसायकलींच्या दोन्ही कुशींना जाडजूड पिशव्या लोंबतात, त्या पिशव्यांतल्या निम्म्याअधिक तिच्या हातच्या. दुकानदार त्यांना साईडबॅग म्हणतात. छबूबाई पडशी म्हणते. तिचे आजोबा बाजाराला जाताना खांद्यावर टाकायचे तीच पडशी, एक तोंड पुढे, एक मागे.

"मानसाच्या खांद्यावर हुती तवाबी पडशी, आनि गाडीच्या खांद्यावर गेली तरी पडशीच," ती म्हणते. "सासरी गेली म्हनून पोरीचं नाव बदलत्यात. पिशवीचं कशाला बदलायचं?"

या सगळ्याला कारण झाली एक म्हैस.

छबूबाईचा नवरा बन्सी. इतका शांत, की दारात कुत्रं भुंकलं तर त्यालाही "बरं बरं" म्हणेल. घरची दोन एकर शेती, आणि त्याला जोड म्हणून बन्सी गुऱ्हाळावरून गुळाच्या ढेपा घ्यायचा आणि मोटारसायकलीवरून आसपासच्या आठवडे बाजारांत नेऊन विकायचा. त्यासाठी त्याने आपला चुलतभाऊ श्रीमंत याच्या दुकानातून साईडबॅगची जोडी आणली होती. काळी, चकचकीत, वर चंदेरी अक्षरांत 'दणकट' असं लिहिलेली.

एका सकाळी राहुरीच्या वाटेवर, उतारावर, त्या दणकट बॅगेचं बूड निघालं. दहा-दहा किलोच्या दोन ढेपा रस्त्यावर पडल्या. एक जागीच फुटली. दुसरी मात्र आडवी होऊन गडगडत निघाली, ती थेट एका घराच्या अंगणात बांधलेल्या म्हशीच्या पुढ्यात जाऊन थांबली. बन्सी गाडी लावून खाली पोचेपर्यंत म्हशीने ढेपेचा चांगला चतकोर चाटून चावून संपवला होता. घरमालकीण बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय वो, म्हशीला गूळ चारायला एवढ्या लांबनं आलात?"

"बरं," बन्सी म्हणाला, आणि परत फिरला.

घरी येऊन त्याने जसं घडलं तसं सांगितलं. दुसरा असता तर म्हैस गाळून बोलला असता. छबूबाई आधी इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिने ती फाटकी बॅग हातात घेतली, उलटी केली, आणि तिचं हसू थांबलं.

छबूबाईला शिवण कळत होती, पण ती ब्लाउज-परकराची नव्हे. लग्नाआधीपासून ती कांद्याच्या दिवसांत खळ्यावर गोण्या शिवायची. हातात दाभण आणि सुतळी आली की तिच्या बोटांकडे बघत राहावं. दुसऱ्या बायांची एक गोणी शिवून होईस्तोवर हिच्या दोन व्हायच्या, आणि वर तोंडाने कुणाची तरी थट्टा चाललेली असायची. त्यामुळे तिला पहिल्या नजरेत दिसलं ते असं, की बॅगेचा एकही टाका तुटला नव्हता. फाटलं होतं ते टाक्याशेजारचं कापड.

ती बॅग काखेत मारून श्रीमंतच्या दुकानात गेली. श्रीमंतचं दुकान मोटारसायकलीच्या सामानाचं. आरसे, हॉर्न, सीटकव्हर, झिरमिळ्या. माणूस देहाने भरभक्कम, गळ्यात चेन, आणि आवाज असा की दुकानात बोलला तर पलीकडच्या न्हाव्याचा वस्तरा थबकावा. नात्याने तो छबूबाईचा धाकटा दीर.

"वहिनी, ही बॅग कापडं ठेवायला असती," श्रीमंत म्हणाला. "तुमी तिच्यात अख्खं गुऱ्हाळ भरलं."

"मंग वर दनकट कशाला लिवलंय?"

"ते कंपनीनं लिवलंय."

"आसं व्हय. मंग कंपनीलाच बोलवा की भावजी, चार ढेपा डोक्यावर घेऊन बाजाराला चल म्हनावं."

गिऱ्हाइकं हसली. श्रीमंतला ते लागलं. तो म्हणाला, "वहिनी, तुमी आपल्या कांद्याच्या गोन्या शिवा. गाडीचं काम येगळं असतंय."

छबूबाईने बॅग पुन्हा काखेत मारली आणि घरची वाट धरली. ती न बोलता उठली की घरात काहीतरी होणार, हे बन्सीला पंचवीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं.

पहिली पडशी तिने ट्रकवर टाकतात त्या जाड कापडाची शिवली. कापड दुहेरी घेतलं आणि बुडाला एकाशेजारी एक अशा सात शिवणी घातल्या. बन्सी चार दिवस ती घेऊन हिंडला. पाचव्या दिवशी ती सरळ रेघेत उसवली, जणू कुणी आधी आखून ठेवली होती. छबूबाईने ते बूड मांडीवर घेतलं आणि भोकं मोजली. जितके टाके जास्त तितकी भोकं जास्त. सात शिवणी घालून तिने कापडाला बळ दिलं नव्हतं. त्याला चाळणी केलं होतं.

"गोनीला बरं चालतं," ती बन्सीला म्हणाली. "गोनी भुईवर बसती. ही लटकती. फरक तिथंच हाय."

"बरं," बन्सी म्हणाला.

उत्तर तिला सापडलं ते दुसऱ्याच्या शेतात. बायकांबरोबर कांदे काढायला गेली असताना बांधावरच्या बाभळीला एक झोळी टांगलेली होती, आणि झोळीत एका बाईचं वर्षाचं गुबगुबीत पोर झोपलं होतं. छबूबाई हातातलं काम सोडून त्या झोळीकडे टक लावून बघत राहिली. पोराची आई अस्वस्थ झाली.

"काय बघताय काकू? नजर लागंल पोराला."

"पोराला न्हाई गं. झोळीला बघते हाय."

जुन्या लुगड्याची झोळी. एक टाका नाही, तरी कधी कुणाचं पोर झोळीच्या बुडातून खाली पडलं नाही. कारण कापड खालून येतं, पोराला पोटाशी धरतं आणि वर फांदीपर्यंत एकसंध जातं. ओझं टाक्यावर नसतंच. टाक्याला फक्त कापड जागेवर धरायचं काम द्यायचं आणि ओझं वाहायला दुसरंच कुणी ठेवायचं. आपल्या घरात सासूबाई हेच करायच्या, असंही तिच्या मनात आलं, पण ते ती मोठ्याने बोलली नाही.

आता झोळीसारखा बुडाखालून वर जाणारा असा पट्टा हवा, जो तुटणार नाही. ती बन्सीला घेऊन नगरच्या भंगारबाजारात गेली. जिल्ह्याच्या पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण तिच्या तोंडात नगरच. तिथे मोडीत निघालेल्या कारचे सांगाडे रचून ठेवले होते. छबूबाई एका सांगाड्यात जाऊन बसली, सीटचा पट्टा ओढला, दोन्ही पाय डॅशबोर्डला लावून सगळा जोर लावला आणि भंगारवाल्याला म्हणाली, "आसे जेवढे असतील तेवढे काढून द्या."

"मावशी, पट्टे कशाला? बिनगाडीचे?"

"गाडीतली मानसं कुठं लावत्यात? निदान गूळ तरी लावंल."

बुडासाठी तिने साखर कारखान्याच्या मोडीतून आलेल्या जाड रबरी पट्ट्याचे तुकडे मिळवले. ते रबर नुसत्या दाभणाला दाद देईना, म्हणून दाभण चुलीत लाल करून एकेक भोक पाडलं. पिशवीला आतून ताठपणा यावा म्हणून निळ्या पिंपाचं प्लॅस्टिक कापून घातलं. सीटच्या पट्ट्यांची दोन मोठी वेटोळी केली. डाव्या पिशवीच्या बुडाखालून वर, सीटखालून पलीकडे, उजव्या पिशवीच्या बुडाखालून पुन्हा इकडे. जोड आला तो नेमका सीटखाली, कुणाला दिसणार नाही असा. पिशवी चाकात जाऊ नये म्हणून वेल्डिंगवाल्याकडून दोन्ही बाजूंना सळईची चौकट करून घेतली. आणि सगळं झाल्यावर बुडाच्या कडेने लाल दोऱ्याची ठसठशीत शिवण घातली. तिचं काम फक्त कापड रबराला चिकटवून ठेवायचं, पण दिसायला ती अशी, की सगळा भार तिच्यावरच असावा.

"एवढी लाल कशाला?" बन्सीने पहिल्यांदाच काहीतरी विचारलं.

"बघनाऱ्याला बघायला कायतरी पायजे का न्हाई?"

ती पडशी टिकली. महिना झाला, दोन महिने झाले, बन्सी चारऐवजी सहा ढेपा नेऊ लागला. मग बाजारातला नारळवाला विचारायला आला. मग वायरमन, त्याच्या तारांच्या भेंडोळ्यांसाठी. मग गॅसशेगड्या दुरुस्त करणारा, मग स्पीकर भाड्याने देणारा. छबूबाईने बंद पडलेल्या एका ताडपत्रीच्या दुकानातून जाड कामाचं मशीन आणलं आणि ओसरीवर मांडलं. गिऱ्हाइकाला ती एकच सांगायची, "फाटली तर मला बोला. न्हाई फाटली तर गावाला बोला."

तिचा खोडकरपणा पडशीतही उतरला. प्रत्येक पडशीत ती एक चोरखिसा ठेवायची आणि तो कुठे आहे हे गिऱ्हाइकाला सांगायचीच नाही. गिऱ्हाइकाच्या बायकोला सांगायची. नवऱ्याला तो पुढेमागे स्वतःच सापडायचा, आणि आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही असं समजून तो त्यात पुडी लपवायचा. गावात तीन-चार नवरे असे होते, ज्यांना 'तंबाखू सुटली' अशी बायकोची खात्री पटवता येत होती. पडशी घेतल्यापासून त्यांना ते जमेना. बाया मात्र तिला वाटेत भेटल्या की नुसत्या डोळ्यांनी हसायच्या.

इकडे श्रीमंतच्या दुकानातल्या काळ्या बॅगांवर धूळ बसली. आधी त्याने दुर्लक्ष केलं. मग तो बोलू लागला. छबूवहिनीची पडशी म्हणे राहुरीच्या पुलावर उसवली, नि एका बागवानाची लिंबं सगळ्या रस्त्याने सांडली. कोण बागवान, कधी, ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण लिंबं मात्र रोज वाढत होती. चौथ्या दिवशी ऐकू आलं तेव्हा ती दोन क्विंटल झाली होती.

छबूबाईने ते ऐकून घेतलं आणि बाजाराच्या दिवशी भर गर्दीत श्रीमंतला गाठलं.

"भावजी, लिंबं सांडली म्हनं."

"लोक बोलत्यात वहिनी. मी काय बोलनार?"

"मंग सोता एक न्या की. गाडीला बांधा. आठ दिवसांनी हितंच, ह्याच जागी, तुमाला पायजे तेवढं ओझं भरा. फाटली, तर मी या बाजारात उभी राहून वरडीन की छबूबाईचं काम कच्चं हाय, बॅग श्रीमंतच्याच दुकानातनं घ्या."

श्रीमंतचे डोळे चमकले. "आनि न्हाई फाटली तर?"

"तर तुमी उभं ऱ्हायचं. तुमचा आवाज देवानं उगीच दिलेला न्हाई. एक बाजारभर माझी पडशी इकायची."

लोकांनी टाळ्याच पिटल्या. पंच म्हणून आसारामभाऊंचं नाव निघालं. आसारामभाऊ जुने मापारी. आयुष्य धान्य आणि कांदा तोलण्यात गेलेलं. आता सगळीकडे आकडे दाखवणारे काटे आले, पण आसारामभाऊंकडे वीस-वीस किलोची लोखंडी मापं अजून होती, आणि त्यांच्या शब्दापुढे आकडा खोटा पडायचा. मोजताना ते एक म्हणत नसत. जुन्या रिवाजाप्रमाणे पहिलं माप 'लाभ', मग दोन, मग तीन.

आठवडा गेला. बाजाराच्या दिवशी श्रीमंत आपल्या मोटारसायकलीला छबूबाईची पडशी बांधून आला. केस विंचरलेले, पांढरा शर्ट, चेहऱ्यावर हारतुरे मिळणाऱ्या माणसाचं हसू. छबूबाईला ते हसू आवडलं नाही. इतकं खूश व्हायला त्याला काही कारण नव्हतं.

ती पुढे झाली आणि सवयीप्रमाणे तिने पडशीच्या बुडाखालून तळहात फिरवला. बोटांना दोऱ्याची सुटी टोकं लागली. एक नाही, दोन नाही. सगळ्या कडेने. लाल शिवण धारदार पात्याने कापून पुन्हा नीट दाबून बसवली होती. दुसऱ्या बाजूलाही तेच.

तिला राग आला, इतका की त्याची चेन धरून ओढावीशी वाटली. पण ओरडून काय झालं असतं? तो म्हणाला असता, वहिनी, तुमची शिवण आपोआप उसवली, बघा लोकहो. तिने हात काढून घेतला. तिला तिची पडशी ठाऊक होती. ओझं लाल शिवणीवर नव्हतंच, ते सीटच्या पट्ट्यांवर होतं, आणि पट्ट्यांचा जोड या गड्याला सापडलेला नव्हता. जड, सलग वस्तू ठेवली तर ती रबरावर बसेल आणि रबर पट्ट्यांवर. अडचण एकच होती. बूड कडेने सुटं झालं होतं. बारीक काही भरलं, तर ते फटीतून गळायला लागणार.

आणि श्रीमंत नेमकं तेच म्हणाला.

"वाळू भरूया," तो म्हणाला, आणि पलीकडे रचलेल्या वाळूच्या ढिगाकडे बोट केलं. "वाळू समदीकडनं दाबती. खरी परीक्षा वाळूची."

लोकांनी माना हलवल्या. छबूबाईने चेहरा अगदी भोळा केला.

"भरा की," ती म्हणाली. "मला काय? वाळू तर वाळू. फकस्त आसारामभाऊंना इचारा. त्यांच्या काट्यावर वाळू तोलायची म्हनं, आजपतूर तोलली न्हाई कुनी. पन आता म्हातारं झाल्यात, लोखंडी मापं उचलत नसतील, मंग वाळूच बरी."

आसारामभाऊ उभे राहिले. त्यांचं धोतर, मिशी आणि आवाज तिन्ही एकदम ताठ झाले.

"वाळू? ज्या काट्यावर लोकांचं अन्न मापलं त्याच्यावर वाळू? आनि कोन म्हनतंय मापं उचलत न्हाईत? श्रीमंता, पंच मी हाय का तू हाईस? लोखंड भरायचं. बास."

श्रीमंतचं तोंड थोडं उतरलं, पण लगेच पुन्हा उजळलं. शिवण तर कापलेलीच आहे, वाळू काय नि लोखंड काय.

आसारामभाऊंनी स्वतः मापं उचलली. दोन्ही बाजूंना एकेक. "लाभ," ते म्हणाले. श्रीमंत खाली वाकून बघू लागला. काही झालं नाही. आणखी एकेक. "दोन." मोटारसायकलीचं मागचं अंग खाली बसलं. पडशी जागच्या जागी. "तीन." म्हणजे दोन्ही मिळून एकशेवीस किलो झाले. शॉकअब्सॉर्बर कण्हल्यासारखे वाजले. छबूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. बन्सी तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

श्रीमंतने गाडीखाली डोकं घातलं, बाहेर काढलं, पुन्हा घातलं. "उभ्या गाडीवर काय कळतंय? चालवून बघायला पायजे," तो म्हणाला.

"बसा की," छबूबाई म्हणाली. "गाडीबी तुमची, आनि वजनबी तुमचंच."

श्रीमंत बसला. गाडी आणखी चार बोटं खाली गेली. त्याने बाजाराला एक फेरी मारली. पडशी शाबूत. तो मुद्दाम गतिरोधकावरून गेला. धाड्दिशी आवाज झाला, पडशी शाबूत. आता श्रीमंतचा धीर सुटला. त्याने गाडी वळवली, लांबून वेग घेतला आणि पुन्हा त्याच गतिरोधकावर घातली. पण एवढं ओझं मागे, आणि श्रीमंतही मागेच. गाडीचं पुढचं चाक गतिरोधकावर चढलं ते खाली यायचं विसरलं. मोटारसायकल घोड्यासारखी मागच्या पायावर उभी राहिली, आणि श्रीमंत सीटवरून अलगद मागे घसरत भेळवाल्याच्या मुरमुऱ्यांच्या उघड्या पोत्यात जाऊन बसला. कमरेपर्यंत आत. गाडी एका अंगावर आडवी झाली, बंद पडली. कुणाला काही लागलं नाही, एका भेळवाल्याच्या धंद्याला सोडून.

लोक हसायचंही विसरले. श्रीमंत कसाबसा पोत्यातून निघाला. केसांत मुरमुरे, मिशीत मुरमुरे, चेनमध्ये अडकलेले मुरमुरे. तो तसाच गाडीकडे धावला, गुडघ्यावर बसला, पडशीचं बूड दोन्ही हातांनी चाचपलं आणि कपाळावर हात मारून ओरडला, "आरं, आसं व्हतंच कसं? खालचा यकनयक टाका मी सोताच्या हातानं..."

आणि थांबला.

बाजारात इतकी शांतता झाली की कुठल्यातरी पाटीतली कोंबडी बोलली तीही सगळ्यांना ऐकू आली.

"लाभ," आसारामभाऊ शांतपणे म्हणाले. "म्होरलं बोल."

मग जो हशा उठला तो विचारायला नको. भेळवाला, ज्याचं नुकसान झालं होतं, तोच सगळ्यांत जास्त हसत होता. श्रीमंतचा चेहरा असा झाला की छबूबाईला आपला राग शोधूनही सापडेना. बन्सी पुढे गेला, भावाच्या खांद्यावरचे मुरमुरे झटकले आणि मऊ आवाजात विचारलं, "श्रीमंता, ब्लेडनं कापलं का इळ्यानं?"

"ब्लेडनं, दादा."

"बरं," बन्सी म्हणाला.

पुढच्या बाजाराला श्रीमंत येणार नाही अशी गावात पैज लागली होती. तो आला. मान खाली घालून आला आणि छबूबाईच्या पडशांशेजारी उभा राहिला. पहिला अर्धा तास पुटपुटला. मग एका गिऱ्हाइकाने मुद्दाम विचारलं, "का वो, ही कापली तर टिकती का?" त्याबरोबर श्रीमंतमध्ये काहीतरी सुटलं. तो पेटीवर चढला आणि आभाळाला भेगा पडतील अशा आवाजात ओरडू लागला:

"या, या! सोताच्या हातानं कापली, सोताच्या बुडानं दाबली, तरी फाटली न्हाई! मी फाटलो, पडशी न्हाई फाटली! या, बघा, हात लावा!"

लोक बाजार सोडून त्याच्याभोवती जमले. दुपारपर्यंत सगळ्या पडशा संपल्या आणि सात जणांनी माप देऊन ठेवलं. छबूबाई खाली बसून त्याच्याकडे बघत होती. हा माणूस इतकी वर्षं दुकानात आरसे विकत बसला होता आणि त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं की तो कशासाठी जन्माला आलाय. पेटीवरून उतरताना त्याच्या तोंडावर आठवड्यापूर्वीसारखं हसू होतं, फक्त या वेळी त्यात खोट नव्हती.

"वहिनी," तो घाम पुसत म्हणाला, "जमलं का?"

"जमलं. पन मला एक सांगा, वाळू कुनी सुचवली तुमाला?"

"मलाच सुचली."

"डोकं हाय मंग. चांगल्या कामाला लावा."

ही सगळी गोष्ट गावाने फोनवर शंभरदा पाहिली. कुणीतरी मुरमुऱ्यांचा तो क्षण हळू चालवून, मागे बँड लावून सगळ्या ग्रुपांवर पाठवला होता. पण एक गोष्ट त्यात नव्हती, आणि ती फक्त छबूबाईला आणि बन्सीला ठाऊक होती. पैजेच्याच दिवशी संध्याकाळी तिने ती पडशी उतरवून घरी आणली आणि उजव्या बाजूचे पट्टे उलगडले. सायलेन्सरकडच्या पट्ट्यावर एक जागा काळी, कडक, चकचकीत झाली होती. धगीने वितळून पापडासारखी. तिने ती नखाने दाबली तर कडेचे दोन धागे सुटून आले. श्रीमंतच्या पात्याने जे झालं नाही ते त्याच्याच गाडीच्या धुराड्याने आणखी चार फेऱ्यांत केलं असतं. सगळ्या बाजाराने तिला जिंकताना पाहिलं होतं, आणि ती थोडक्यात वाचली होती.

"कुनाला सांगू नगा," ती म्हणाली.

"मी कवा कुनाला काय सांगतो?" बन्सी म्हणाला. हे त्याचं त्या वर्षातलं सगळ्यांत लांब वाक्य असावं.

दुसऱ्या दिवसापासून तिने पट्टा सायलेन्सरपासून चार बोटं लांब नेला, मध्ये पत्र्याचा आडोसा बसवला, आणि आधी विकलेल्या एकूण एक पडशा माघारी बोलावून दुरुस्त करून दिल्या. गिऱ्हाइकाने कारण विचारलं तर सांगायची, "नवी फ्याशन आलीया." श्रीमंतनेही विचारलं. तो आता दर बाजाराला स्वतःहून येतो, पैज नसताना, आणि काळ्या बॅगा त्याने कधीच्या काढून टाकल्यात. त्यालाही तिने फॅशनच सांगितली. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाला सगळंच सांगून चालत नाही.

परवा ओसरीवर अश्विनी आली. ही गावातलीच, नुकतीच शेळीपालन सुरू केलेली, स्वतः स्कूटी सोडून मोटारसायकल चालवणारी. तिला दोन करडं डॉक्टरांकडे न्यायची असतात, आणि मांडीवर बसली की ती हँडल खातात.

छबूबाईने टेप काढला, करडाची लांबी विचारली, उंची विचारली. मग म्हणाली, "डोकं बाहेर काढायला खिडकी ठेवते. खिडकी कुनीकडं पायजे? रस्त्याकडं का शेताकडं?"

"काय फरक पडतोय, मावशी?"

छबूबाईने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"मला इचारू नगं," ती म्हणाली. "घरी जा आनि करडाला इचारून ये."

अश्विनी हसत हसत उठली, आणि मशीन पुन्हा धडधडू लागलं.